चौदा जणांच्या क्लासात एकट्याचा आवाज

साताऱ्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं घेऊन इथे देते.

"मी संगीत विशारद आहे. सहा वर्षांपासून घरच्या हॉलमध्ये गाण्याचा क्लास घेते. आठवड्यातून दोन संध्याकाळी, एकेक तास. सध्या चौदा जण येतात. आठ ते तेरा वर्षांची नऊ मुलं, तीन गृहिणी आणि निवृत्त झालेले दोन काका. सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, त्यामुळे वेगवेगळ्या बॅच करायला वेळ नाही. सगळे मिळून म्हणतात तेव्हा छान वाटतं, पण परीक्षेआधी एकेकाला बसवलं की निम्म्यांचा सासुद्धा लागत नाही. काकांची तक्रार असते की पट्टी झेपत नाही. एक मुलगी फार तयार आहे. तिच्या आईला वाटतं, ती आमच्या क्लासात अडकून पडली आहे. आणि एक नऊ वर्षांचा मुलगा आहे, तो सगळं एकाच सुरात म्हणतो. गॅदरिंगच्या वेळी बाकीचे पालक कुरकुरले, म्हणून मी त्याला म्हटलं, 'तू नुसते ओठ हलव.' तेव्हापासून तो येईनासा झाला. आई म्हणते, अभ्यास वाढलाय. माझे गुरुजी म्हणायचे, घोळक्यात गाणं शिकवता येत नाही, घोळक्यात फक्त आरती म्हणता येते. ते खरं होतं का? गट बंद करून मोजक्याच मुलांना एकेकटं शिकवू का?"

ताई,

तुमच्या पत्रात बरेच प्रश्न आहेत, पण मी त्या मुलापासून सुरुवात करते. बाकीचे प्रश्न महिनाभर थांबतील, तो थांबणार नाही. सुटी लागेल, मग शाळा सुरू होईल, आणि 'मला गाता येत नाही' हे त्याच्या मनात पक्कं बसेल.

चाळिशी-पन्नाशीत गाणं शिकायला आलेल्या बायका पहिल्याच दिवशी सांगतात, "माझा आवाज काही चांगला नाही हं." जरा खोदून विचारलं की बहुतेकींना नेमका प्रसंग आठवतो. कुठली इयत्ता, कोणत्या बाई, कुठल्या समूहगीताच्या तालमीला मागच्या रांगेत उभं केलं, सगळं. बोलणारा विसरून जातो, ऐकणारा विसरत नाही. तुम्ही मात्र विसरला नाहीत, पत्रात स्वतःहून लिहिलंत. म्हणून हे दुरुस्त होईल असं मला वाटतं.

याच आठवड्यात त्याच्या घरी जा. फोनवर बोलू नका. त्याच्या आईसमोर त्याला सांगा, "गॅदरिंगला मी तुला गप्प केलं, ते चुकलं. तुझा सूर शोधून द्यायचं काम माझं होतं, ते माझ्याकडून राहिलं. पुढच्या मंगळवारी क्लासच्या आधी वीस मिनिटं ये, आपण दोघंच बसू." एवढंच पुरे. 'तुझा आवाज किती गोड आहे' वगैरे म्हणू नका. मुलांना खोटं लगेच कळतं.

आता ती वीस मिनिटं. आधी एक तपासून बघा. पेटीवर दोन सूर वाजवा आणि विचारा, हे दोन्ही एकच आहेत की वेगळे? 'वरचा की खालचा' असं विचारू नका. लहान मुलांना सुरातलं वर-खाली आणि आवाजातलं मोठं-बारीक यांची गल्लत होते. तो वेगळे सूर वेगळे ओळखेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. ज्यांना सुरांतला फरक ऐकूच येत नाही अशी माणसं असतात, पण फार थोडी. तुमच्याकडे येणाऱ्या 'बेसुऱ्या' मुलांपैकी बहुतेकांचा कान शाबूत असतो. कानाने ऐकलेलं गळ्याने धरायचं कसं, हे त्यांना कोणी दाखवलेलं नसतं. ती ज्या सुरात बोलतात त्याच सुरात गातात आणि तिथेच राहतात.

मग पेटी बाजूला सारा. त्याला विचारा, खाली खेळायला आलास की वरच्या मजल्यावरच्या मित्राला हाक कशी मारतोस? तो हाक मारेल. हाकेचं शेवटचं अक्षर लांबवायला सांगा. तो जो सूर लावेल, तो तुम्ही धरा. त्याने तुमचा धरायचा नाही, तुम्ही त्याचा. दोघांचा आवाज एकात एक मिसळला की कसं वाटतं हे त्याने बहुधा कधी अनुभवलेलंच नाही, कारण आजवर त्यालाच दुसऱ्याच्या सुरापर्यंत चढायला सांगितलं गेलं. दोन-तीन मिनिटं तिथेच राहा. मग तो सूर पेटीवर शोधा, तानपुऱ्याच्या अ‍ॅपची पट्टी त्यावर लावा आणि सांगा, "हा तुझा सा."

तिथून पुढे घाई नको. 'ऊ' म्हणत आवाज हळूहळू वर नेऊन परत खाली आणायला लावा, अँब्युलन्सच्या भोंग्यासारखा. यात चुकायला जागा नसते, म्हणून मुलं मोकळी होतात आणि आपला गळा हलतो हे त्यांना समजतं. मग सा आणि रे. मग परत सा. 'हा मिळाला', 'हा जरा खाली राहिला' एवढंच बोला, आणि दोन्ही सारख्याच आवाजात बोला. तीन सूर पक्के झाले की तीन सुरांत बसणारी एखादी चाल द्या, बडबडगीतही चालेल. त्याला किती आठवडे लागतील ते मी सांगू शकत नाही, मुलामुलांत फार फरक असतो. पण रोज पाच मिनिटं घरी झाली तर तुम्हाला फरक ऐकू येईल.

हे वाचताना तुमच्या लक्षात आलं असेल की त्याचा सा तुमच्या क्लासच्या सा पेक्षा वेगळा निघणार. एकेकट्याला सा का लागत नाही, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. तुम्ही पट्टी लिहिली नाहीत, पण माझा अंदाज आहे की क्लास काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, चालतो, कारण तुमची स्वतःची पट्टी ती असणार. बायकांना ती बरोबर बसते. काकांना नाही. त्यांनी सा खालच्या सप्तकात लावला तर आवाज घशातच राहतो, वरच्या सप्तकात लावला तर पंचमाच्या, म्हणजे प च्या, पुढे चिरकतो. त्यांची तक्रार अगदी रास्त आहे. आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा सहज आवाज बायकांच्या काळी चारपेक्षा बहुतेकदा वरच असतो. त्यांना मंद्र, म्हणजे खालचं सप्तक जवळजवळ नसतंच. म्हणजे चौदांपैकी कितीतरी जण दोन्ही संध्याकाळी दुसऱ्याच्या पट्टीत गातात. एकट्याला बसवल्यावर सा लागत नाही यात नवल नाही. त्यांचा सा कुठे आहे हे त्यांना माहीतच नाही.

यावर एक सोपी वाट आहे. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चारचा षड्ज (सा). तासाची पहिली वीस-पंचवीस मिनिटं तानपुरा काळी एकवर लावा आणि सा ते प एवढ्यातच सगळे पलटे, म्हणजे ठरावीक क्रमाने सूर म्हणायचा सराव, करा. काका खालच्या सप्तकात आरामात म्हणतील. मुलांना हा टापू अगदी हातचा आहे. बायकांचा आवाज पंचमाला पोचेल तेव्हा त्या काळी चारच्या आपल्या तार सा वर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या सा वर असतील, तोही त्यांना नवीन नाही. पंचमाच्या वर मात्र या पट्टीत सगळ्यांनी मिळून जाऊ नका, बायकांना ताण पडेल. नंतर बंदिशीला, म्हणजे रागातल्या गाण्याला, पट्टी बदला. मुलं आणि बायका काळी चारमध्ये म्हणतील तेव्हा काका हाताने तीनताल धरतील. मग काका बंदिशीचा पहिला भाग, म्हणजे अस्थाई, काळी एकमध्ये म्हणतील, तेव्हा बाकीच्यांनी ताल धरायचा. काकांना ताल धरायला सांगणं म्हणजे त्यांना बाजूला बसवणं असं वाटू देऊ नका. मोठ्या वयात शिकणाऱ्यांचं लयीचं अंग बहुधा कच्चं असतं आणि दुसरा गात असताना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पकडणं हाच त्यावरचा खरा रियाज आहे.

तेरा वर्षांचा मुलगा असेल तर त्याच्यावरही लक्ष ठेवा. आवाज फुटायला लागला की त्याला तार सा ला ओढू नका. पट्टी खाली आणा आणि त्याला आधीच सांगून ठेवा की असं होणार आहे, नाहीतर तो घाबरून गाणंच सोडतो.

आता उरलेलं निम्मं उत्तर. सगळे मिळून छान म्हणतात आणि एकेकटे कोसळतात, कारण मिळून म्हणताना त्यांतले बरेचसे स्वतः सूर लावतच नाहीत. शेजारी लावतो, ते पळभर मागून त्याला चिकटतात. बाहेरून ऐकणाऱ्याला ते एकच वाटतं. श्वासाचंही तेच. एकाचा दम संपला तरी दुसऱ्याचा चालू असतो, त्यामुळे आपला दमसास तोकडा आहे हे कोणाला समजत नाही. आणि या सगळ्यावर तुमची पेटी. तुम्ही प्रत्येक सूर पेटीवर वाजवून देत असाल तर सायकलचं सीट मागून कायम धरून ठेवल्यासारखं होतं. मूल पॅडल मारत असतं, तोल तुम्ही सांभाळत असता.

पेटी वाईट नाही. आपल्याकडे नाट्यसंगीतापासून कीर्तनापर्यंत तिने केवढं काम केलं आहे. पण तिचा गंधार (ग) तानपुऱ्यातून आपसूक ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. कान घडायच्या वयात मुलांनी तानपुऱ्याचा गंधार ऐकायला हवा. १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदी घातली गेली आणि ती तीसेक वर्षं टिकली. ती बंदी मला टोकाची वाटते, पण तिच्यामागचा सुराचा मुद्दा खोटा नव्हता. तुम्ही एवढंच करा, पलट्याची पहिली फेरी पेटीबरोबर, दुसरी फक्त तानपुऱ्यावर. मधूनच तानपुराही बंद करा, दोन ओळी म्हणू द्या आणि परत सुरू करा. गट किती खाली घसरला ते सगळ्यांना एकदमच ऐकू येईल. पहिल्यांदा हसतील. चौथ्या-पाचव्या वेळेला घसरायच्या आधीच कोणीतरी सावरेल.

बसायची पद्धतही बदला. सगळे तुमच्याकडे तोंड करून बसतात ना? वारकरी भजन आठवा. टाळकरी समोरासमोर दोन रांगांत उभे असतात, मधे वीणेकरी. एक बाजू चरण म्हणते, दुसरी उचलते. त्यामुळे म्हणणाऱ्याला समोर ऐकणारा असतो आणि ऐकणाऱ्याला आपली पाळी येणार हे माहीत असतं. तुमच्या हॉलमध्ये सात-सात जणांच्या दोन रांगा सहज बसतील. तुम्ही एकदा म्हणायचं, मग डावी रांग, मग उजवी. मग डावीकडचे तिघे. मग एक. प्रत्येक तासाला प्रत्येकाने एकट्याने काहीतरी म्हटलंच पाहिजे. चौदा जणांना एकेक मिनिट दिलं तरी चौदाच मिनिटं जातात. यात खाडा नको, पाहुणे आले असले तरी, परीक्षा उद्यावर आली असली तरी. परीक्षेला तरी काय, परीक्षक एकेकालाच समोर बसवतात.

लाजणाऱ्यांची एक युक्ती सांगते. तुमच्या गृहिणींपैकी एखादी एकटीने म्हणायचं म्हटल्यावर पदर सावरत 'आज नको, घसा बसलाय' म्हणेल. तिला पूर्ण ओळ देऊ नका. सगळ्यांनी पलटा म्हणायचा आणि शेवटचा सा फक्त तिने. बाकीचे थांबले की तिचा सा तेवढा हवेत राहतो. दोन मात्रांचं काम, पण ती एकटी गायली. पुढच्या वेळी शेवटचे तीन सूर. महिन्याभरात ती ओळ म्हणेल आणि तिच्या लक्षातही येणार नाही.

एक जण म्हणत असताना बाकीच्या तेरांनी काय करायचं, यावर सगळा क्लास उभा आहे. ते वहीत चाळा करत बसले तर तुमच्या गुरुजींचं म्हणणं खरं ठरेल. त्यांना ऐकायचं काम द्या आणि ते नेमकं द्या. समजा भूप चालला आहे, म्हणजे ज्यात मध्यम (म) नसतो तो राग. सारेग, रेगप, गपध, पधसां. एका मुलीने म्हटलं. आता 'कसं झालं?' असं विचारलंत तर पोरं 'छान' म्हणतील किंवा खुसखुसतील, आणि दोन्हींत त्या मुलीचं नुकसान. विचारा, "गपध म्हणताना मधे मध्यम शिरला का?" ग वरून प वर उडी घेताना नवशिक्यांच्या गळ्यात म चा स्पर्श होतोच होतो, आणि तो दुसऱ्याच्या गळ्यात ओळखणं स्वतःच्या गळ्यात ओळखण्यापेक्षा सोपं असतं. किंवा विचारा, "पधसां मधला ध कुठे होता?" आणि उत्तर तोंडाने नको, हाताने. तळहात जमिनीला समांतर धरायचा, बरोबर असेल तर स्थिर, कणभर खाली असेल तर थोडा खाली, चढला असेल तर वर. डोळे मिटून दाखवायचं, म्हणजे शेजाऱ्याचा हात बघून हात हलणार नाही. मग तुम्ही तो ध बरोबर लावून दाखवा आणि त्याच मुलीकडून एकदा म्हणून घ्या. सगळं मिळून अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात चौदा जणांनी ध ऐकलेला असतो.

आणि ज्या मुलाला एकाच सुरात गातो म्हणून गप्प केलं, त्याचा हात कित्येकदा अगदी बरोबर जागी थांबेल. तेव्हा ते सगळ्यांसमोर बोला.

गुरुजींच्या वाक्याकडे येते. 'घोळक्यात फक्त आरती म्हणता येते.' आधी आरतीबद्दलच बोलू. गणपतीत वाडीतलं पाच वर्षांचं पोर कोणी न शिकवता आख्खी आरती लयीत म्हणतं. शब्द, ठेका, कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, हे त्याने घोळक्यातच उचललेलं असतं. म्हणजे घोळका पुष्कळ शिकवतो. सूर तेवढा शिकवत नाही, कारण आरतीत सूर कोणी तपासत नाही. तुम्हाला फक्त ते तपासणं आत आणायचं आहे.

आणि गटात शिकवणं ही काही आजच्या क्लासवाल्यांनी काढलेली पळवाट नाही. गायक विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे जुन्या पद्धतीने, गुरुगृही राहून शिकले. गुरुमुखी विद्या म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. तरी त्यांनीच ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलेखनाची छापील पुस्तकं आणि वर्गात एकत्र बसवून शिकवणं. पोटापाण्याच्या उद्योगातल्या माणसाच्या पोरांना आणि घरंदाज घरांतल्या मुलींना गाणं शिकायची जी वाट मिळाली, त्यात या वर्गांचा फार मोठा वाटा आहे. तुमची-माझी विशारदची पदवी ज्या परीक्षांमधून आली, त्या घेणारं मंडळ त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये, ते गेले त्याच वर्षी, उभं केलं. साताऱ्याच्या हॉलमध्ये आज एखादी गृहिणी भूप म्हणते, त्याचं मूळ लाहोरच्या त्या वर्गात आहे असं मी मानते.

पण गुरुजींच्या बाजूनेही बोललं पाहिजे. पलुस्करांनी नुसते वर्ग चालवले नाहीत. निवडक विद्यार्थी वर्षानुवर्षं स्वतःजवळ ठेवून तयार केले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर हे त्या तालमीतून आले. आठवड्याच्या दोन तासांच्या वर्गातून गवई घडत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. वर्गाने खूप जणांना गाण्यापर्यंत आणायचं आणि त्यांतल्या एखाद्याला पुढच्या तालमीसाठी ओळखायचं. दोन्ही कामं वेगळी आहेत. गुरुजी दुसऱ्या कामाबद्दल बोलत होते. तुमचं आजचं काम पहिलं आहे, आणि ते कमी प्रतीचं नाही.

म्हणून त्या तयार मुलीबद्दल मी तिच्या आईच्या बाजूने आहे, निदान अर्धी. ती खरंच अडकली असेल, पण गट आहे म्हणून नव्हे. मला वाटतं, तुम्ही तिला गटाचा खांब केलं आहे. सगळे अडखळले की तिला म्हणायला सांगायचं, गॅदरिंगला माईक तिच्यापुढे, समूहगीतात तिचा आवाज सगळ्यांच्या वर. यात तिचं दुहेरी नुकसान आहे. तेरा जणांवर आवाज चढवायची सवय लागली की गळा कडक होतो, आणि तिला स्वतःला नवीन काहीच मिळत नाही. बाकीच्यांचं नुकसान तर वर सांगितलंच, ते तिलाच टेकून गातात. दोन महिने तिला मिळून म्हणताना हलक्या आवाजात म्हणायला सांगा. खरोखरचा तानपुरा घरात असेल तर तो लावायला तिला शिकवा. जुळलेली तार आणि जवळजवळ जुळलेली तार यांतला फरक तिथे जसा कळतो तसा दुसरीकडे कळत नाही. आणि त्या मुलासाठी जशी वीस मिनिटं काढणार आहात तशी दुसऱ्या दिवशी क्लासच्या आधी तिच्यासाठी काढा. त्यात बंदिशी वाढवू नका. एकच राग, सहा महिने, आलाप. तिच्या आईला स्पष्ट सांगा की वर्ष-दोन वर्षांनी हिला माझ्यापेक्षा अधिक वेळ देणाऱ्या गुरूंकडे पाठवावं लागेल आणि ते मीच सांगेन. हे ऐकलं की पालकांची घालमेल कमी होते. आपली मुलगी धरून ठेवली जात नाही, एवढंच त्यांना हवं असतं.

गट बंद करून एकेकटं शिकवायचा हिशोब करून बघा. आठवड्याचे दोन तास चौदांत वाटले तर प्रत्येकाला साडेआठ मिनिटं येतात. मोजक्याच मुलांना ठेवलंत तर काका, गृहिणी आणि तो मुलगा आधी गळतील. ते गळू नयेत असं तुमच्या पत्रावरून वाटतं, नाहीतर तुम्ही लिहिलंच नसतं. गट ठेवा. सासूबाईंचं बघून तुम्ही हे सगळं करता आहात, त्यात आणखी बॅच वाढवायचा विचार सध्या तरी मनातून काढून टाका. ती वीस मिनिटंही आठवड्यातून दोनदाच, आणि नाही जमलं एखाद्या आठवड्यात तर नाही.

घरच्या रियाजासाठी व्हॉट्सअ‍ॅपचा उपयोग करा, पण जपून. तुमच्या आवाजात एकच ओळ रेकॉर्ड करून ग्रुपवर टाका, काकांसाठी तीच काळी एकमध्ये. सगळ्यांनी आपलं रेकॉर्डिंग तुम्हाला एकटीला पाठवायचं, ग्रुपवर नाही. ग्रुपवर आलं की अंगठे आणि फुलं सुरू होतात, आणि ज्याला तीनच अंगठे मिळाले तो पुढच्या वेळी पाठवत नाही. गावाला गेलेलं मूल व्हिडिओ कॉलवर क्लासला बसणार असेल तर त्याचा माईक बंद ठेवून सगळ्यांबरोबर म्हणू द्या. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे दोन्हीकडून एकत्र म्हणणं जुळत नाही. त्याची एकट्याची पाळी आली की माईक चालू.

राहता राहिलं पुढचं गॅदरिंग. पालक पुन्हा कुरकुरतील, त्याची तयारी आतापासून करा. गाणं निवडताना शब्द आणि देखावा नंतर बघा, आधी चालीचा पल्ला बघा. सा पासून पंचमापर्यंत, फार तर धैवतापर्यंत जाणारी चाल घ्या आणि ती मुलांच्या पट्टीत बसवा. ध्रुवपद सगळ्यांनी म्हणायचं आणि कडवी दोन-दोन, तीन-तीन जणांनी वाटून घ्यायची, म्हणजे कोणाला लपवायची वेळ येणार नाही. त्या मुलाचे तोवर तीन-चार सूर पक्के झाले असतील तर त्या सुरांत बसणारी एक ओळ त्याला द्या, सोबत दोघं भक्कम आवाजाचे. झाले नसतील तर ध्रुवपदात तो सगळ्यांबरोबर गाईल, पुढच्या रांगेत, आवाज काढून. यावर एखाद्या पालकाने काही म्हटलंच, तर हा क्लास आहे, इथे सगळे शिकणारे आहेत, असं सांगून विषय संपवा.

दोन महिन्यांनी मला परत लिहा. त्याचा सा कुठल्या पट्टीत निघाला ते कळवा, आणि काळी एकमध्ये गाताना काकांचा पंचम मोकळा लागतो का, तेही.